रत्नागिरी सड्यावर चढली: तुमच्या दारात काय बदललं? (अनुभव धागा)

२०११ च्या जनगणनेत रत्नागिरी शहर पाऊण लाखाच्या जरा वर होतं. हा आकडा नगरपरिषदेच्या हद्दीपुरता. कुवारबाव, नाचणे, शिरगाव, मिरजोळे, खेडशी या ग्रामपंचायती त्यात नाहीत, आणि गेल्या वीसेक वर्षांत इमारती उठल्या त्या मुख्यतः तिथेच. कागदावर ती गावं आहेत. पत्ता लिहिताना मात्र सगळे बिनदिक्कत ‘रत्नागिरी’ लिहितात.

आमच्या बाबांच्या लहानपणी गाव म्हणजे राम आळी, टिळक आळी, धनजी नाका आणि खाली मांडवी. मारुती मंदिर म्हणजे वर, सड्याच्या, म्हणजे उघड्या कातळाच्या पठाराच्या वाटेला. काळोख पडल्यावर तिकडे कोणाचं काम नसे. आता त्याच मारुती मंदिरच्या सर्कलला संध्याकाळी रस्ता ओलांडून दाखवावा. दवाखाने, क्लासेस, कपड्यांची मोठी दुकानं सगळी वर गेली. राम आळीत मला अजून उधारीवर वाणसामान मिळतं, पण दुकानदाराची मुलं पुण्याला आहेत.

तर या धाग्यावर आपापल्या दारातलं सांगा. पाणी, वाट, शेजार, भाडं, काहीही. पक्ष आणि पुढारी नकोत, त्यासाठी चहाच्या टपऱ्या आहेत. फ्लॅटच्या जाहिराती तर अजिबात नकोत. आजूबाजूच्या तालुक्यांतल्यांनीही लिहावं.

कुवारबावहून

मी सुरुवात पाण्यापासून करणार, कारण आमच्याकडे एप्रिल-मेमध्ये दुसरा विषयच नसतो.

स्टेशनच्या जवळ म्हणून इथे फ्लॅट घेतला. कोकण रेल्वे १९९८ साली पूर्ण सुरू झाली आणि स्टेशन शहरापासून सहा-सात किलोमीटर लांब, वर सड्याकडे आलं. मधली जागा कधी ना कधी भरणारच होती, ती भरली. जाहिरातीत ‘चोवीस तास पाणी’ होतं. त्याचा अर्थ आवारात बोअर आहे, एवढाच.

सड्यावर बोअर मारणं हा जुगार आहे. वर कातळ, त्याच्या खाली भोकाभोकांचा जांभा हा तांबडा दगड, आणि त्याच्याही खाली चिकट माती. इथे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. कातळावरचं बरंचसं पाणी तसंच वाहून जातं. जे मुरतं ते जांभ्यातून खाली उतरतं, चिकट मातीवर अडतं आणि आडवं सरकून सड्याच्या कडेला झऱ्यांनी बाहेर पडतं. म्हणून जुन्या वाड्या सगळ्या उताराला, झऱ्याच्या आणि विहिरीच्या आधाराने वसलेल्या. सड्यावर गुरं चरायची. माणूस राहत नसे, ते उगाच नाही.

आम्ही मात्र बरोबर तिथेच चार मजले चढवले. फेब्रुवारीत बोअरचं पाणी एक दिवसाआड होतं, एप्रिलमध्ये टँकर सुरू. टँकरवाल्याचा नंबर आमच्या सोसायटीत पाहुण्यांनासुद्धा पाठ आहे. शहरात शीळ धरणाचं पाणी येतं. तिथेही उन्हाळ्यात दिवसाआड होतं, पण येतं तरी.

गेल्या वर्षी आम्ही गच्चीवरचं पावसाचं पाणी टाकीत घ्यायला सुरुवात केली. त्यावरून सभेत जी भांडणं झाली ती लिहिली तर दुसरा धागा काढावा लागेल. एक सभासद शेवटपर्यंत म्हणत होते, ‘पाऊस काय विकत घ्यायचा का आता?’ टाकी भरली तेव्हा बादल्या घेऊन पहिले तेच.

मिऱ्यावरून

आमच्याकडं पाणी येतं ते उलट्या बाजूनं.

पावसाळ्यात उधाण आलं की समुद्र बंधाऱ्यावरून उडी मारून आवाठात, म्हणजे वस्तीत येतो. माड गेले, वाटा गेल्या. दर वर्षी दगड टाकायचे आणि दर वर्षी ते आत जायचे, हे मी लहानपणापासून बघतोय. आता टेट्रापॉडचा, म्हणजे चार पायांच्या काँक्रीटच्या ठोकळ्यांचा मोठा बंधारा झालाय. घर वाचतं हे खरं. पण लहान होडी वर ओढायला जो वाळूचा उतार लागतो तो राहिला नाही. बंधाऱ्यावरून जाळं खांद्यावर घेऊन उतरायचं म्हणजे तिशीतल्या माणसाचं काम. आमचा बापूस सत्तरीचा आहे.

३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं तेव्हा ‘बसरा स्टार’ नावाचं जहाज आमच्या किनाऱ्यावर येऊन रुतलं. पुढची कितीतरी वर्षं ते तिथंच. लोक त्याच्यापुढं फोटो काढायला यायचे, कुल्फीच्या गाड्या लागायच्या. मिऱ्याचं नाव मुंबईपर्यंत गेलं ते त्या गंजक्या जहाजानं. बंधारा किती खचला ते बघायला मात्र कोणी आलं नाही.

आणि हो, नागपूरला जाणारा चौपदरी रस्ता आमच्या मिऱ्यातून सुरू होतो. नकाशावर लय भारी दिसतं.

मिरकरवाड्यातून (आईचं सांगणं, टायपिंग मुलीचं)

आई म्हणते, थोडक्यात लिही.

जून-जुलै बंदी. तेव्हा सुकी मासळी विकायची. नारळी पौर्णिमेनंतर होड्या सुरू. पर्ससीनला (मोठ्या घेर-जाळ्याच्या बोटींना) सप्टेंबर ते डिसेंबर परवानगी, त्याच्यानंतर कोण काय करतं ते समुद्राला ठाऊक. बांगडा पूर्वी टोपलीनं मोजायची, आता किलोवर. खलाशी निम्मे नेपाळी, त्यांच्याशी ती मोडक्या हिंदीत भांडते.

२०२५ च्या जानेवारीत बंदरातली बांधकामं पाडली. त्यात आई बसायची ते शेडही गेलं. बंदर मोकळं दिसतं, ट्रक सरळ आत येतो, हे ती मान्य करते. पण दुपारचं ऊन डोक्यावर घेऊन बसते छत्री लावून. ‘बंदर मोठं व्हायलाच पायजे,’ म्हणते, ‘पण आमी बसायचं कुठं ता कागदावर दाखवा.’ तेवढंच लिही म्हणाली.

गोळपच्या बाजूचा बागायतदार

कुवारबावच्या भाऊंनी सड्याचं चांगलं सांगितलं. त्या सड्याची जमीन कशी जाते, ते मी सांगतो, कारण आमच्या घरात दोनदा होता होता राहिलंय.

आमचा सातबारा सामाईक. आजोबांपासूनची नावं चढत गेली, कमी कधी झाली नाहीत. चुलते मुंबईत, त्यांची मुलं बदलापूर-विरारला, एक जण बडोद्याला. बागेत खत कोण घालतो, फवारणीचं बिल कोण भरतो, राखणीला नेपाळी गुरखा कोण ठेवतो, याच्याशी त्यांचा संबंध मे महिन्यातल्या आंब्याच्या पेटीपुरता. पेटी गेली नाही तर मात्र फोन येतो.

मग कधीतरी एजंट येतो. तो माझ्याकडे येत नाही, तो थेट विरारला जातो. ‘तुमच्या हिश्शाचे एवढे देतो, बाकीच्यांचं आम्ही बघू.’ मुलाला घराचा हप्ता असतो, त्याच्या दृष्टीने ती जमीन म्हणजे लहानपणी बघितलेला एक कातळ. तो सही करतो. एकदा एक हिस्सेदार परका झाला की पुढचं सोपं. वाटणीचा दावा, मोजणीच्या नोटिसा, वाटेवरून तंटा. दोन-तीन पावसाळे गेले की उरलेले थकतात आणि विकतात. माझा राग एजंटावर फारसा नाही, तो त्याचा धंदा करतो. विरारच्या मुलावरही नाही. पण गणपतीत तोच येऊन ‘गाव पूर्वीसारखा राहिला नाही रे’ म्हणतो तेव्हा त्याच्या ताटात दुसरा मोदक वाढायला हात जड होतो.

विकलेल्या सड्यावर पहिलं काम काय होतं? जेसीबी येतो आणि कातळ सपाट करतो. गडगे (दगडी कुंपणं) मोडले, पऱ्याच्या (ओढ्याच्या) तोंडावर भराव टाकला. पावसाचं पाणी वाट शोधत माझ्या कलमांत शिरतं. कलमाच्या मुळाशी पाणी तुंबलं की झाड पिवळं पडतं. २०१८ मध्ये हापूसला भौगोलिक मानांकन मिळालं, आनंद आहे. मानांकन पेटीला आहे, कलमाखालच्या जमिनीला ते कोण देणार?

याच सड्यांवर कातळशिल्पं आहेत. उक्षी, कशेळीची चित्रं आता बाहेरचे लोक येऊन बघतात, युनेस्कोच्या संभाव्य यादीतही ती गेली. आमच्या म्हाताऱ्यांना ती कधीपासून माहीत होती, फक्त त्यांना पांडवांनी काढलेली म्हणायचे. सपाट करण्याआधी निदान केरसुणी मारून बघा, एवढीच विनंती.

चिपळूणहून, आता नाचण्यात

मी सड्याच्या बाजूने बोलणार. २२ जुलै २०२१ ला चिपळुणात आमच्या दुकानात वाशिष्ठीचं पाणी छताला लागलं होतं. माळ्यावर बसून रात्र काढली. नंतर चिखल काढताना ठरवलं, राहायचं ते उंचावर. बाजारपेठ सोडली नाही, धंदा अजून तिथेच आहे, नवरा जाऊन-येऊन करतो. पण मुलं इथे. टँकरचं पाणी घेईन, पण नदीला घरात घेणार नाही. बागायतदार काकांचं पटतं, तरी माझ्यासारख्यांनी जायचं कुठे?

लातूरची, थिबा राजवाड्याजवळ भाड्याने

२०२३ मध्ये इथे सरकारी वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं, त्या निमित्ताने आम्ही आलो. पहिला धक्का म्हणजे दुपारी एक ते चार दुकानं बंद. मला वाटलं, कोणी गेलं की काय गावात. दुसरा धक्का पाऊस. आम्ही पावसाची वाट बघणारी माणसं. इथे जुलैत कपडे वाळेनात तेव्हा पहिल्यांदा ‘बास आता’ म्हटलं आणि लगेच कसंतरी वाटलं, माहेरी कळलं तर काय म्हणतील.

घर शोधताना प्रत्येक जण विचारायचा, ‘कुठले तुम्ही? घाटावरचे?’ त्यात वाईटपणा नसतो हे कळायला वेळ लागला. मालकीणबाई सुरुवातीला दारातून बोलायच्या. आता कोकमं वाळत घातली की राखण मलाच. भाडी मात्र वाढली आहेत आणि त्याला आम्हीच बाहेरचे कारण आहोत, असं भाजीवालीसुद्धा ऐकवते. खोटं नाही. बरोबरच्या बऱ्याच जणांनी मागेल ते भाडं कबूल केलं. इथल्या नव्या लग्न झालेल्या जोडप्यांना ते परवडत नाही.

शिरगावचा, वय सत्तावीस

सगळे रडतायत म्हणून लिहितो. माझ्या वर्गातले निम्मे मुंबईत दहा बाय बारात राहतात. मी घरी राहतो, आईच्या हातचं जेवतो, मिरजोळे एमआयडीसीत नोकरी करतो. बाबांच्या वयात हे शक्य नव्हतं, त्यांना दादरलाच जावं लागलं. गाव वाढलं म्हणून मी गावात आहे.

तक्रार आहे, ती रस्त्याची. नळाची पाइप टाकायला खणला, बुजवला, मग गॅसची पाइप टाकायला खणला. पावसाच्या तोंडावर खणायचा मुहूर्त कोण काढतं, त्या भटजींना भेटायचंय. आणि हातखंब्याच्या उतारावर टँकर उलटला की अख्खी रत्नागिरी घड्याळ बंद पडल्यासारखी थांबते. मुंबई-गोवा चौपदरी मी शाळेत असल्यापासून होतोय.

हद्दवाढ करा, सगळं एका नगरपरिषदेखाली आणा, असं माझं मत. ग्रामपंचायतीचा ग्रामसेवक पन्नास इमारतींचं काय बघणार?

झाडगावातून

शिरगावच्या मुला, हद्दवाढ झाली की घरपट्टी आधी येईल, पाणी मागाहून. आम्ही हद्दीतच आहोत, आम्हाला विचार.

बाकी आमच्याकडे शिमग्यात ग्रामदैवत भैरीबुवाची पालखी सहाणेवर, म्हणजे तिच्या बसायच्या जागेवर येते तेव्हा सगळे येतात, फ्लॅटवालेसुद्धा. पूर्वी घराघरात माणसं ओळखीची होती, आता पालखी नाचवताना वरच्या वायरी कोण उचलून धरणार याची आधी बैठक घ्यावी लागते. गेल्या खेपेस ते काम एका बिहारी इलेक्ट्रिशियनने केलं. त्याने नारळही दिला देवाला, गाऱ्हाणं आमच्या गुरवाने घातलं.

नाचण्याच्या उतारावरून

वरच्यांच्या पाण्याचं झालं, त्यांच्या सांडपाण्याचं कोणीच बोललं नाही, म्हणून लिहिते.

कुवारबावच्या दादांनी सांगितलं की जांभ्यातून मुरलेलं पाणी आडवं सरकून कडेला येतं. त्या कडेला आम्ही राहतो. वरच्या इमारतींना गटाराची लाइन नाही, शोषखड्डे आहेत. मुरतं ते सगळंच मुरतं. आमची विहीर पणजोबांच्या वेळची, मे महिन्यात वाडीला पुरायची. दोन वर्षांपूर्वी पाण्याला वास येऊ लागला. जिल्ह्याच्या प्रयोगशाळेत नमुना दिला, पिण्यास अयोग्य असा अहवाल आला. आता टीसीएल (ब्लीचिंग पावडर) टाकतो आणि पाणी फक्त भांड्यांना, झाडांना वापरतो. पिण्यासाठी आम्हीही जार विकत घेतो, तेही विहिरीच्या काठावर बसून.

ग्रामपंचायतीत गेलो. तिथे म्हणाले, बांधकामाची परवानगी आम्ही दिलेली नाही. जिथून दिली तिथे गेलो. तिथे म्हणाले, सांडपाणी ग्रामपंचायतीचा विषय. वरच्या सोसायटीचे अध्यक्ष सभ्य गृहस्थ आहेत, त्यांनी खड्डा उपसून घेतला, पण अशा सोसायट्या वर रांगेने आहेत.

ज्यांच्या विहिरी सड्याच्या कडेला आहेत त्यांनी पावसाआधी एक आणि दिवाळीनंतर एक नमुना तपासून घ्या, आणि अहवाल जपून ठेवा. निदान पाच-सहा वाड्यांचे अहवाल एकत्र झाले तर पुढच्या ग्रामसभेत ठेवता येतील. माझ्याकडे आमच्या वाडीचे दोन आहेत.