मदत हवी आहे: सोनोग्राफीच्या फँटममध्ये खोली चुकीची दिसते

नमस्कार मंडळी,

शिकाऊ डॉक्टरांना सोनोग्राफीखाली सुई घालण्याचा सराव व्हावा म्हणून फँटम, म्हणजे शरीराच्या जागी वापरायचा नकली ठोकळा, घरीच करायला घेतलाय. पहिला ठोकळा जिलेटिनचा, आत शिरेऐवजी पाणी भरलेली रबरी नळी. पण नुसतं जिलेटिन पडद्यावर काळंभोर दिसतं, त्यात सुई इतकी लखलखते की शोधावीच लागत नाही. त्याला कसला सराव म्हणायचा? वर आठवडाभरात बुरशी.

मग सिलिकॉन ओतलं. टिकाऊ आहे, पण नळी मोजून ३ सेंमीवर ठेवली होती आणि मशीन ४.६ दाखवतंय! प्रोब (अंगावर टेकवतात तो भाग) बदलला, तेच. नळीखाली तर सगळा अंधार, गेन (चित्राचा उजळपणा) कितीही वाढवा. मशीन बिघडलंय का? याच ठोकळ्यावर मशीनचं मोजमापही तपासायचा बेत होता.

उत्तर:
मशीनला दोष देऊ नका. ते फक्त प्रतिध्वनी परतायला लागलेला वेळ मोजतं आणि आवाज सेकंदाला १५४० मीटर धावला असं धरून सेंमी काढतं. सिलिकॉनमध्ये हा वेग हजाराच्या आसपास असतो. ३ ला १.५४ ने गुणून बघा. अंधार पडतो कारण सिलिकॉन आवाज गिळतं. मऊ ऊतींमध्ये ही घट दर सेंमीला, दर मेगाहर्ट्झला ०.५ डेसिबलच्या आसपास असते, सिलिकॉनमध्ये बरीच जास्त.

जिलेटिनकडेच परत जा. त्यात बिनसाखरेचं इसबगोल घाला, ऊतींसारखा करडा दाणेदारपणा येतो. मात्र गोठायला लागेपर्यंत हलक्या हाताने ढवळत राहा, नाहीतर सगळं तळाशी बसेल. फेस काढून भांड्याच्या कडेने ओता. हवेचा बुडबुडा राहिला की त्याखाली काही दिसत नाही. बुरशीवर किंचित बेन्झाल्कोनियम क्लोराइड हे जंतुनाशक. सुईचे माग साचले की वितळवून पुन्हा ओतायचं.

मोजमापासाठी वेगळा ठोकळा करा, अगारचा (समुद्री शेवाळापासून मिळणारा, जिलेटिनसारखा गोठणारा पदार्थ). ग्लिसरीन घालून त्यातला वेग १५४० वर आणता येतो. सुईने मात्र अगारला चिरा पडतात.

धागाकर्ता:
४.६२! आणि मी दोन प्रोब बदलून बसलो. नळीची भिंत फार जाड, पांढरी दिसते, त्याला काही उपाय?

उत्तर:
नळी घालूच नका. गुळगुळीत सळई ठेवून ओता, गोठल्यावर हळूच ओढून काढा. बोगद्यात पाणी भरून तोंडं बंद करा.