४३ इंची टीव्ही: फुल एचडी की फोरके?

प्रश्न: बजेट मर्यादित आहे. सोफा ते भिंत ८ फूट. नामांकित कंपनीचा फुल एचडी आणि कमी परिचित कंपनीचा फोरके (फुल एचडीच्या चौपट पिक्सेल), दोन्ही ४३ इंची टीव्ही, एकाच किमतीत मिळताहेत. बातम्या आणि क्रिकेट, कधीमधी सिनेमा. कोणता घ्यावा?

उत्तर १: ४३ इंचावर फुल एचडीचे पिक्सेल (चित्राचे ठिपके) साधारण साडेपाच फुटांपलीकडे डोळ्याला वेगळे दिसत नाहीत. ८ फुटांवरून फोरकेचा फायदा जवळपास शून्य. त्यापेक्षा पॅनेल, म्हणजे पडदा कोणत्या प्रकारचा आहे ते बघा: व्हीए की आयपीएस. व्हीए असेल तर काळा रंग गडद, कॉन्ट्रास्ट (पांढऱ्या-काळ्यातला फरक) ३०००:१ च्या आसपास किंवा वर. पण बाजूने बसणाऱ्याला रंग फिके. आयपीएस बाजूनेही नीट दिसतो, मात्र कॉन्ट्रास्ट १०००:१ च्या आसपास, त्यामुळे अंधारात काळा राखाडी दिसतो.

उत्तर २: सहमत. खोक्यावरच्या ‘एचडीआर’ला (जास्त उजळ-गडद चित्राच्या दाव्याला) भुलू नका. स्वस्त पॅनेल सिग्नल घेतो, पण तेवढा उजेड पाडू शकत नाही.

प्रश्नकर्ता: सोफा समोरच आहे, म्हणजे व्हीए. टिकाऊपणाचं काय?

उत्तर ३: आधी जातो तो बॅकलाइट, म्हणजे पडद्यामागचे एलईडी दिवे. आवाज येतो, पडदा काळा: टॉर्च तिरका धरल्यावर चित्र अंधुक दिसलं तर एलईडी पट्टीच गेलेली असण्याची शक्यता जास्त. एका ओळीतले दिवे सिरीजमध्ये (एकापुढे एक जोडलेले) असतात, एक गेला की ओळ बंद. दिव्यांवर ताण कमी पडावा म्हणून चित्राचा भडक ‘व्हिव्हिड’ मोड काढून सौम्य ‘सिनेमा’ ठेवा, बॅकलाइट ६०-७० टक्क्यांवर. पट्टी आणि बोर्ड मिळतील अशी सेवा असलेली कंपनी घ्या. मागे एचडीएमआय एआरसी (टीव्हीचा आवाज साउंडबारला देणारं पोर्ट) आहे का तेही पाहा, साउंडबार पुढे लागतोच.