बाबांचं जुनं हायड्रोसील अचानक लाल-गरम झालंय, ताप आहे

धानपट्टा (भंडारा जिल्हा):
बाबा ६४ वर्षांचे, शुगर आहे. उजव्या बाजूचं हायड्रोसील (वृषणाभोवती साचलेलं पाणी) फार जुनं. कधी दुखलं नाही, त्यामुळे धोतराआड झाकून रोवणी-कापणी सगळं केलं. गेल्या आठवड्यात गावातल्या एकाने सुईने पाणी काढून दिलं. ते पुन्हा भरलं आणि कालपासून हुडहुडी भरून ताप येतोय. कातडी लाल, तापलेली, हात लावू देत नाहीत. लाजेपोटी आईलाही बोलले नव्हते. घरात अँटिबायोटिकच्या थोड्या गोळ्या आहेत, त्या देऊ का? की परत पाणी काढलं तर आराम पडेल?

शल्यचिकित्सक_गोंदिया:
दोन्ही नको. आज रात्रीच जिल्हा रुग्णालयात न्या, गाडी नसेल तर १०८ लावा.

साधं हायड्रोसील दुखत नाही, तापही आणत नाही. तुम्ही लिहिलंय त्यावरून आतल्या पाण्याचा पू झाल्याची दाट शंका येते. याला पायोसील म्हणतात. सुईवाटे जंतू आत गेले असतील, किंवा लघवीच्या संसर्गातून वृषणाला सूज आली असेल. पू साचला की आतला दाब वाढतो, वृषणाचा रक्तपुरवठा अडतो आणि ते कायमचं निकामी होऊ शकतं.

तिथे कलर डॉपलर सोनोग्राफी होईल. स्वच्छ पाणी काळं दिसतं. पू असला की त्यात कण तरंगताना आणि पडदे दिसतात. वृषणात रक्त फिरतंय का, आत हर्निया अडकलाय का, हेही त्यात कळतं. टॉर्च लावून बघत बसू नका, जुन्या हायड्रोसीलची भिंत जाड झाली असेल तर उजेड तसाही पार जात नाही. सोबत रक्त, लघवी आणि शुगर तपासतील. उपचार म्हणजे शिरेतून अँटिबायोटिक आणि ऑपरेशन करून पू काढणं. नुसत्या गोळ्यांवर हे सहसा भागत नाही.

एक गोष्ट आत्ता बघा, शुगर आहे म्हणून विचारतोय. कातडी कुठे काळी-निळी पडली आहे का? दाबल्यावर चरचर लागते का? घाण वास येतो का? यातलं काहीही असेल तर एक तासही थांबू नका. हा मांस सडवणारा संसर्ग झपाट्याने पसरतो आणि जिवावर बेततो. निघताना खायला देऊ नका, भूल द्यावी लागेल.

वैनगंगाकाठ:
भाऊ, माझंही ऑपरेशन झालंय. बाबांना सांगा, तिथे रोज असे पेशंट येतात, कोणी हसत नाही. मी लाजेनेच लांबवत राहिलो होतो. शुगरच्या गोळ्यांची चिठ्ठी सोबत ठेवा.

धानपट्टा:
काळं नव्हतं. रात्रीच पोचलो. सोनोग्राफीत पूच निघाला, पहाटे ऑपरेशन झालं. वृषण वाचलंय. नळी ठेवली आहे, ताप उतरतोय. डॉक्टर हत्तीरोगाबद्दल विचारत होते, त्याचा काय संबंध?

शल्यचिकित्सक_गोंदिया:
वृषण वाचलं, फार बरं वाटलं. आपल्या पूर्व विदर्भात हायड्रोसीलमागे बरेचदा हत्तीरोगाचा जंतू असतो, क्युलेक्स डासातून येणारा. तो रात्री रक्तात फिरतो, म्हणून नमुना रात्री घेतात. जुन्या हायड्रोसीलमध्ये मात्र तो बरेचदा सापडत नाही. डीईसीच्या, म्हणजे हत्तीरोगावरच्या गोळ्यांनी साचलेलं पाणी ओसरत नाही, त्याला ऑपरेशनच. पण हत्तीरोगाच्या मोहिमेत आशाताई गोळ्या घेऊन आल्या की घरातल्या बाकीच्यांनी त्यांच्यासमोरच घ्या. पुवात कोणते जंतू आहेत ते सांगणारा कल्चर रिपोर्ट आला की गरजेप्रमाणे अँटिबायोटिक बदलतील, तोवर सुट्टी मागू नका.