'मुका खांब' म्हणजे नेमका कोणता टाका?

गुहागर :
क्रोशा शिकायला लागून तीन आठवडे झाले. शेजारच्या काकूंकडे त्यांच्या सासूबाईंची वही आहे. त्यात नमुने असे : '६ साखळ्या, गोल जोडा. ३ साखळ्या, ११ खांब, जोडा.' पुढे 'प्रत्येक टाक्यात एक मुका खांब.' साखळी जमते, खांब काकूंनी दाखवला. मुक्या खांबाबद्दल मात्र काकू एक सांगतात आणि व्हिडिओतली बाई दुसरंच करते. आणि मुका का? घरात विचारलं तर सगळे नुसते हसतात.

मालवण :
सुई टाक्यात घालायची, दोरा ओढून घ्यायचा, सुईवर दोन फास होतात. परत दोरा घेऊन दोन्हींतून काढायचा. झाला मुका खांब. खांबाला आधी सुईवर एक वेढा, म्हणून फास तीन, आणि ते दोन-दोन करत दोनदा सोडवायचे. खरा घोळ इंग्रजी नावांत आहे. अमेरिकन नमुन्यात मुका खांब म्हणजे सिंगल क्रोशे आणि खांब म्हणजे डबल. ब्रिटिश नमुन्यात मुका खांबच डबल, आणि आपला खांब ट्रेबल!

गुहागर :
अरे देवा. पेल्याखाली ठेवायची चकती करत होते, 'डबल' वाचून सगळीकडे खांब घातले. चकतीची वाटी झाली.

मालवण :
होणारच. मुक्या खांबांच्या चकतीत दर फेरीला साधारण ६ टाके वाढवतात. खांब उंच, त्याला १२ लागतात. वाढ कमी पडली की कडा वर उचलतात, जास्त झाली की झालर होते. आमची आजी चूक दिसली की एवढंच म्हणायची, "गो बाये, टाके मोजलंस काय?"

वेंगुर्ले :
एक खूण सांगते. नमुन्यात कुठेही 'सिंगल' दिसलं की तो अमेरिकन. ब्रिटिश पद्धतीत सिंगल हे नाव सहसा नसतंच. आता 'मुका' : मला वाटतं, मुका मार म्हणतो ना, लागलेलं असतं पण वर दिसत नाही, त्यातलाच हा शब्द. खांब उभा दिसतो, हा बसका, दडलेला. हा माझा तर्क, पुरावा नाही. आमच्या घरी तर फेरी जोडताना दोरा सरळ ओढून घेतात त्या टाक्यालाही मुकाच म्हणतात. तुमच्या काकूंचं आणि व्हिडिओचं बहुधा इथेच फाटलं असेल.

देवगड :
मूळ शब्दाबद्दल थोडं. फ्रेंचमध्ये क्रोशे म्हणजे लहान आकडा. आपण त्याचा क्रोशा केला. संस्कृत कोशात 'क्रोश' शोधाल तर कोसभर लांब जाल, कारण तिथे तो अंतराचा शब्द. बाकी नेढं नसलेल्या वस्तूला सुई म्हणणं मला कधी पटलं नाही. फांदी वाकवायला आपण आकडी वापरतो, ही तिचीच धाकटी बहीण.

वेंगुर्ले :
स्वेटर विणायच्या सुयांना तरी कुठे नेढं असतं दादा? त्यांना बदला आधी.

मालवण :
जाळीच्या नमुन्यात दोन खांबांमधली मोकळी जागा असते, तिला कुणी घर म्हणतं, कुणी खिडकी. आमच्याकडे रापणीची जाळी दारातच पसरलेली, त्यामुळे तोंडात 'आस' येतं. जाळ्याची आस बारीक, तशी रुमालाची आस बारीक. वहीत मात्र हा शब्द कधी सापडला नाही.

गुहागर :
वाटी उसवली. आता नमुना मराठीत उतरवून घेतलाय : '२२ साखळ्या, सुईकडून चौथ्या साखळीत खांब, शेवटपर्यंत. मिळून २० खांब.' सुटलेल्या ३ साखळ्या पहिला खांब धरायच्या, हे दोनदा चुकल्यावर कळलं. कागद फ्रिजवर लावलाय. सासरे येता-जाता वाचून गेले आणि विचारलं, "मांडव कुणाकडे आहे?"