८०० युरोची कोल्हापुरी आणि आपली घासाघीस

कात्रजचा_बोगदा (धागाकर्ता):
"प्राडाने कोल्हापुरीला तिची खरी किंमत मिळवून दिली, आपल्या कारागिरांना विकताच येत नाही," असं एका सदस्याने काल लिहिलं. दोन ओळींत उत्तर देऊन भागेना, म्हणून हा वेगळा धागा.

जून २०२५ ला प्राडा या इटालियन फॅशन ब्रँडच्या मिलानमधल्या रॅम्पवर अंगठ्याची चप्पल चालली तेव्हा कोल्हापूरचं नावही कुणी घेतलं नव्हतं. इकडे बोंब झाल्यावर प्रेरणा कबूल झाली. डिसेंबरात लिडकॉम आणि लिडकर या महाराष्ट्र नि कर्नाटकच्या सरकारी चर्मोद्योग महामंडळांशी करार: २००० जोड, इथेच बनवून, ८०० युरोच्या आसपास. म्हणजे ऐंशी हजार. ही काय चपलेची किंमत आहे? प्राडाच्या त्रिकोणी शिक्क्याची आहे. तोच अंगठा, तीच वेणी कोल्हापूरच्या चप्पल लाईन या बाजारात हजार-दीड हजाराला मिळते, तरी आपण "आठशेला द्या की" म्हणतोच. कारागिराला विकता येत नाही, की आपल्याला घेता येत नाही?

बाजारबुणगा:
काल लिहिणारा मीच. शिक्क्याला किंमत असते यात पाप काय? २०१९ ला जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालं, म्हणजे शिक्का आपल्याकडेही आहे. दुकानात कुणी विचारतं का त्याला? दोन वर्षांपूर्वी ठाण्यात एका प्रदर्शनातून 'अस्सल हातशिलाई' म्हणून चौदाशेला जोड घेतला. जूनमध्ये तळ उकलला, आत पुठ्ठा! वर वादीऐवजी खिळे. बाहेरचं गिऱ्हाईक असला माल तोंडावर फेकेल. त्या धाकाचेच पैसे आहेत ते.

कात्रजचा_बोगदा:
जूनमध्ये कोल्हापुरी घालून फिरणाऱ्याला साष्टांग नमस्कार.

बाजारबुणगा:
पुठ्ठ्याबद्दल बोला, पावसाबद्दल नको.

अथणीचा_पावणा:
सगळे नुसतं कोल्हापूर कोल्हापूर करायलाय. जीआय आठ जिल्ह्यांचं आहे ओ. तुमचे चार, आणि बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर हे आमचे चार. तुमच्या चप्पल लाईनमधला बराच माल अथणी-निपाणीकडनं येतोय, तो कुणी केला म्हणे?

रंकाळ्याकाठी:
आलं! सीमाप्रश्न चपलेपर्यंत आला. शाहू महाराजांनी या धंद्याला हात दिला तेव्हा तुमचं लिडकर कुठं होतं? नाव कोल्हापुरी आहे, अथणी नव्हं.

अथणीचा_पावणा:
महाराजांना मुजराच. पण नाव तुमचं, हात आमचे, आणि भाव ठरवणार तिसराच. माझी थोरली चुलती दुपारभर उंबऱ्यात बसून वेणी घालती. चामड्याच्या पट्ट्या दोऱ्यागत बारीक, एक जरी तुटली तर सगळी उसवून परत पहिल्यापासनं. जोडामागं पैसे मिळतात. किती ते सांगत नाही, तुम्हाला वाईट वाटंल नि मला लाज.

रंकाळ्याकाठी:
चुलतीबद्दल काही म्हणणं नाही. पण बेळगाव आमचंच आहे, म्हणजे हातपण आमचेच.

अथणीचा_पावणा:
मग मजुरीपण तुम्हीच वाढवा की.

रंकाळ्याकाठी:
ते लिडकरला विचारा.

अथणीचा_पावणा:
बघा! हात आमचे म्हणताना बेळगाव महाराष्ट्रात, पैसे काढताना कर्नाटकात.

हिरडा_बाभूळ:
दोन्ही राज्यांचं भांडण संपलं असेल तर चामड्याकडे या. बाभळीची साल आणि हिरड्याच्या पाण्यात म्हशीचं कातडं कमवायला आठवडेच्या आठवडे जातात. २०१५ च्या गोवंश हत्याबंदी कायद्याने बैलाचं कातडं बंद झालं, आणि म्हशीचं नेणाराही रस्त्यात हात जोडत फिरतो. त्यावर इथे एक ओळ नाही. वडिलांनी पस्तीस वर्षं रापी-आरी चालवली. गावात त्यांच्या चपलेचं कौतुक ओसरीवर व्हायचं आणि ते स्वतः अंगणात उभे असायचे. आज मी बँकेत आहे. लग्नसराई आली की सहकारी विचारतात, "तुमच्या ओळखीने चांगली कोल्हापुरी मिळेल का, जरा स्वस्तात?" यांना माझं आडनाव बरोबर आठवतं. आणि भाव मिळाला असता तर मी रापी धरली असती का? नसती. ऐंशी हजार मिळाले असते तरी नसती.

बाजारबुणगा:
यावर माझ्याकडे उत्तर नाही. शिक्क्याबद्दलचं मत तेच आहे. पण त्या ८०० युरोतले उंबऱ्यापर्यंत किती पोचतात, हे कालच विचारायला हवं होतं. घ्या, झालं समाधान?

रंकाळ्याकाठी:
धागाकर्ते, तुम्ही स्वतः शेवटचा जोड कधी घेतला? केवढ्याला?

कात्रजचा_बोगदा:
२०२२. सांगितले बाराशे, दिले साडेनऊशे. हसा आता.

अथणीचा_पावणा:
हसत नाही. ते अडीचशे कुणाच्या मजुरीतनं गेले, ते मोजायलोय.

रंकाळ्याकाठी:
आणि बेळगावचं राहिलंच.