दहावी गणित: येत असूनही गुण जातात, काय करून घ्यावं?

ऋतुजाची_आई
नमस्कार. मुलगी यंदा दहावीत आहे, राज्य मंडळ. सराव परीक्षेत बीजगणिताला ४० पैकी २९ मिळाले. तोच पेपर घरी पुन्हा सोडवायला दिला, तर एकच उदाहरण खरोखर येत नव्हतं. बाकी सगळं अधिक-उणे, गणित उतरवताना ५ चा ३, नाहीतर विचारलेलं उत्तर शेवटी न लिहिणं. "लक्ष देऊन सोडव" सांगून सांगून मी थकले आणि ती रडकुंडीला आली. शाळेत तिला निष्काळजी म्हणतात, मला ते पटत नाही, पोरगी कष्टाळू आहे. काही ठोस उपाय सुचवा. क्लास बदलायचा नाहीये.

फळा_खडू
ताई, मी बरीच वर्षं दहावीला गणित शिकवलं. "लक्ष दे" म्हटल्यावर हाताने नेमकं काय करायचं, हे मुलाला कळत नाही. मागचे चार-पाच पेपर काढा. गेलेल्या प्रत्येक गुणासमोर तो कुठे गेला ते तिलाच लिहू दे: वाचताना, उतरवताना, चिन्हात, की उत्तर अर्धवट सोडल्याने. बहुतेक मुलांच्या चुका एक-दोन ठिकाणीच साचलेल्या असतात. ती जागा सापडली की उपायही छोटा निघतो.

दोन समीकरणं सोडवायची क्रेमरची रीतच घ्या. ४एक्स + ३वाय = १८ आणि ३एक्स − २वाय = ५. इथे सहगुणकांचा निश्चयक डी = (४ × −२) − (३ × ३) = −८ − ९ = −१७. घाईत मुलं उणे दोनाचं उणे गिळतात आणि ८ − ९ करून मोकळी होतात. ऋण संख्या आली की कंस घालायचाच आणि एका ओळीत एकच पायरी करायची, एवढा नियम पुरतो. जागा वाचवायला दोन पायऱ्या एकत्र करू नयेत. पुरवणी मागितली तर मिळते.

दुसरं म्हणजे ताळा. लिहिलेलं वरून खाली पुन्हा वाचणं म्हणजे ताळा नव्हे, कारण आपलीच चूक डोळ्याला बरोबर वाटते. वेगळ्या वाटेने तपासायचं. वरच्या गणितात एक्स = ३, वाय = २ येतं, ते दुसऱ्या समीकरणात घाला: ९ − ४ = ५, जुळलं. वर्गसमीकरणात मुळांची बेरीज आणि गुणाकार पाहा. एक्स² − ४एक्स − ५ = ० ची मुळं ५ आणि −१, बेरीज ४ (मधल्या −४ चं चिन्ह उलटून), गुणाकार −५ (शेवटचं पद), जुळलं. अर्ध्या मिनिटाचं काम आहे. संभाव्यता १ पेक्षा मोठी किंवा ऋण आली, तर तिथेच थांबून मागे जायचं.

४० गुणांना २ तास, म्हणजे गुणाला ३ मिनिटं. सोडवणं पावणेदोन तासांत संपवायचा सराव घरीच करा, उरलेला वेळ फक्त ताळ्याला. आणि प्रश्न १(अ) मधल्या बहुपर्यायी प्रश्नांना पहिलाच प्रयत्न ग्राह्य धरतात, ही सूचना प्रश्नपत्रिकेवर छापलेली असते. तिथे खोडून दुसरं लिहिण्याची सोय नाही, म्हणून आधी कच्चं काम, मग वर्णाक्षर.

लोहमार्ग
सरांशी सहमत. माझा अनुभव रेल्वेतला. इंजिनात लोको पायलट आणि सहायक प्रत्येक सिग्नल मोठ्याने पुकारतात, दिसत असला तरीही. जपानी रेल्वेत तर बोट दाखवून बोलतात. सवयीने डोळा जिथून घसरतो, तिथे हात आणि तोंड त्याला धरून ठेवतात. परीक्षेत बोलता येणार नाही, पण प्रश्नातला आकडा उतरवताना डाव्या हाताचं बोट त्यावर ठेवून ओठांतल्या ओठांत म्हणता येतं. "उणे पाच, उणे पाच." मुलीला करून पाहू द्या.

सायली_०७
काकू, मी नीटची, म्हणजे वैद्यकीय प्रवेश परीक्षेची तयारी करतेय. तिथे बरोबर उत्तराला ४ आणि चुकलं तर १ वजा, त्यामुळे वाचण्यातली चूक दुप्पट झोंबते. आमचे सर प्रश्नातल्या "नाही", "अयोग्य", "वगळता" या शब्दांखाली रेघ मारायला लावतात. दहावीला "किती विचारलंय" त्याखाली मारावी. वडील-मुलाच्या वयाच्या गणितात एक्स सापडला की मुलं पेन खाली ठेवतात आणि वडिलांचं वय राहून जातं! आणखी एक, पेपरच्या आदल्या रात्री जागू नका. झोप कमी झाली की येणारंच चुकतं.

ऋतुजाची_आई
सगळ्यांचे मनापासून आभार. सरांनी सांगितल्याप्रमाणे चुकांची वही केली. निम्म्याहून जास्त गुण चिन्हात गेलेत, त्यातले बरेचसे कंस उलगडताना. वाचण्यात जवळजवळ काहीच नाही. तिला स्वतःलाच नवल वाटलं आणि "म्हणजे मला येतं" म्हणाली. सर, भूमितीसाठीही असंच करायचं का?

फळा_खडू
वही तीच, रकाने वेगळे. महत्त्वमापनात व्यास दिलेला असतो आणि मुलं तोच त्रिज्या म्हणून घालतात, म्हणून सूत्राआधी "आर = " ही ओळ वेगळी लिहायची. सगळी मापं एकाच एककात आणल्याशिवाय सूत्राला हात लावायचा नाही. समरूपतेत शिरोबिंदूंचा क्रम चुकला की गुणोत्तरं उलटी होतात. तिथे संगत कोन आकृतीत सारख्या खुणेने दाखवावेत. आणि रचनेच्या खुणा पुसायच्या नाहीत. उत्तरपत्रिका स्वच्छ दिसावी म्हणून चांगली मुलं कंपासचे कंस खोडतात आणि बरोबर काढलेल्या स्पर्शिकेचे गुण घालवतात.