मदत हवी आहे : कल्पित वराहसदृश पाळीव प्राण्याचे रंग आणि अंगावरील खुणा

नमस्कार. एका कल्पित जगासाठी मी वराहासारखा दिसणारा, घरात पाळण्याजोगा, गुडघ्याएवढ्या उंचीचा प्राणी रचत आहे. त्याचे नाव ‘घुरकू’ असे ठेवले आहे. त्याचे रंग केवळ चित्रात शोभतात म्हणून नकोत; नर-मादीचे रंग ठाऊक असले की विणीत कोणत्या रंगांची पिल्ले निघू शकतील, हे सांगता आले पाहिजे, अशी माझी मनापासून इच्छा आहे.

आधार म्हणून मी खऱ्या डुकरांचा अभ्यास केला. त्यांच्यात मूळ रंग मुख्यतः एमसी१आर या जनुकावर ठरतो. हॅम्पशायर जातीचा काळा रंग प्रभावी आहे (आई-बापांपैकी एकाकडून मिळाला तरी दिसतो), तर ड्युरॉक जातीचा तांबडा अप्रभावी (दोघांकडून मिळाला तरच दिसतो). पांढरेपणा मात्र निराळ्या वाटेने येतो. रंगद्रव्य तयार करणाऱ्या पेशी गर्भावस्थेत पाठीच्या कण्यालगतच्या भागातून निघून सर्वांगाच्या त्वचेत पसरतात आणि किट या जनुकातील बदलांमुळे त्या जेथे पोहोचत नाहीत किंवा टिकत नाहीत, तेथे केस पांढरे राहतात. हॅम्पशायरच्या खांद्यांवरून जाणारा पांढरा पट्टा आणि लार्ज व्हाइटचे संपूर्ण ढवळे अंग ही दोन्ही याच जनुकाची रूपे आहेत.

मला सर्वांत विलक्षण वाटले ते पिएत्रां जातीच्या काळ्या ठिपक्यांचे कारण. या जातीतील एमसी१आरच्या रूपात डीएनएची दोन जादा अक्षरे घुसल्यामुळे जनुक निकामी होते. परंतु शरीराची वाढ होत असताना काही पेशींमध्ये ती अक्षरे गळून पडतात, जनुक पूर्ववत चालू लागते आणि नेमका तेथे काळा ठिपका उमटतो. म्हणूनच दोन भावंडांचे ठिपके कधीही तंतोतंत जुळत नाहीत. घुरकूंमध्ये हा गुण मला हवाच आहे, कारण पाळणाऱ्याला आपले जनावर खुणेवरून ओळखता येईल.

अडचण येथूनच सुरू होते. एकाच घुरकूला पांढरा पट्टा आणि ठिपके दोन्ही वारशाने मिळाले, तर पट्ट्याच्या आत ठिपके दिसावेत का? माझ्या मते दिसू नयेत, कारण तेथे रंग निर्माण करणाऱ्या पेशीच नसतात. मग पट्ट्याच्या काठावर आलेला ठिपका सरळ रेषेत कापला गेलेला दाखवावा, की तेथे काळे-पांढरे केस मिसळलेली कबरी किनार अधिक स्वाभाविक वाटेल?

दुसरा प्रश्न पिल्लांचा आहे. रानडुकराच्या पिल्लांच्या अंगावरील लांबट पट्टे काही महिन्यांत नाहीसे होतात; पाळीव जातींपैकी मंगालित्साच्या पिल्लांतही ते आढळतात. माझ्या तांबड्या घुरकूंपैकी काहींचे पट्टे प्रौढपणीही फिकट स्वरूपात राहावेत, असे मला वाटते. परंतु ज्या तांबड्या रंगात काळे रंगद्रव्य तयारच होत नाही, त्यात गडद पट्टा उठणार कसा? त्यासाठी तांबड्याचे दुसरे, अप्रभावी नसलेले रूप कल्पावे, की पट्टे हे गडद आणि फिकट तांबड्याचेच ठेवावेत? दुसरा पर्याय मला अधिक पटतो, मात्र त्यामुळे काळ्या घुरकूंना पट्ट्यांचा वारसा छुपेपणाने वाहून नेता येईल का, हे उलगडत नाही.

जनुकशास्त्र किंवा पशुपैदास जाणणाऱ्यांनी या दोन प्रश्नांवर मार्गदर्शन करावे. मूळ रंग, पांढरेपणा आणि पट्टे असे तीन स्वतंत्र थर मानून वंशावळीचा तक्ता मांडण्याचा माझा विचार आहे. त्यात कोणता थर कोणाला झाकतो याचा क्रम चुकीचा वाटत असल्यास कारणासह सांगावे.